'नोव्हेंबर' : लोककथेतील क्रॅट आणि कृष्णधवल पडदा

रायनर सार्नेत दिग्दर्शित 'नोव्हेंबर' (२०१७) हा एस्टोनियन चित्रपट आन्द्रुस किविरॅह्क यांच्या कादंबरीवर आधारित आहे. त्यातील 'क्रॅट' हे पात्र मूळचे लोककथांतले. क्रॅट म्हणजे शेतीच्या जुन्या अवजारांचा सांगाडा. सैतानाला रक्ताचे तीन थेंब दिले की तो जिवंत होतो आणि मालकासाठी चोऱ्या करतो. हाताला काम उरले नाही की मालकावरच उलटतो. गरीब शेतकरी रक्ताऐवजी फळांचा रस देऊन सैतानालाही फसवतात. कृष्णधवल छायाचित्रणामुळे घरी जेवायला येणारे मृत पूर्वज जिवंतांइतकेच खरे भासतात. चित्रपट पाहताना एक प्रश्न मनात ठेवा : जर्मन जमीनदाराच्या सत्तेखाली राबणारा शेतकरी आणि त्याचा क्रॅट, यांत अवजार नेमके कोण?