तळापर्यंत न ढवळणारं तळं

न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूज शहरापासून जवळच ग्रीन लेक्स स्टेट पार्क आहे. आत शिरताच दिसतो तो नेहमीचाच अमेरिकी उन्हाळा: वाळूचा किनारा, भाड्याच्या होड्या, बार्बेक्यूचा धूर, पोरांचा कालवा. बरेच जण तर इथल्या गोल्फ कोर्ससाठीच येतात. पण तळ्याचा रंग फोटोत वाटतो तितकाच प्रत्यक्षातही अविश्वसनीय आहे. निळसर हिरवा, आणि पाणी असं नितळ की काठाजवळ बुडालेले ओंडके स्पष्ट दिसावेत.

हिमयुग सरताना, सुमारे 15,000 वर्षांपूर्वी, वितळलेल्या बर्फाचे प्रचंड धबधबे इथे कोसळत. त्यांनी पायथ्याशी खोदलेले डोह म्हणजे ग्रीन लेक आणि शेजारचं राउंड लेक. ग्रीन लेकची खोली 59 मीटरच्या आसपास. एवढ्याशा तळ्याला ही खोली फारच झाली.

थंड मुलखातली बहुतेक खोल तळी वर्षातून दोनदा ढवळली जातात. वरचं पाणी चार अंशांच्या आसपास आलं की वर-खाली सगळं सारख्याच वजनाचं होतं, मग वारा ते तळापर्यंत घुसळतो आणि प्राणवायू खाली पोचतो. इथे ते होत नाही. आजूबाजूच्या खडकांतलं जिप्सम विरघळवत आलेलं भूजल तळ्यात खोलवर झिरपतं. खारं म्हणून ते जड, आणि जड म्हणून खालीच राहतं. त्यात चहूकडे टेकड्या, म्हणजे वाऱ्यालाही जोर नाही.

हे डोळ्यांनी बघायचं तर नमुने घेणाऱ्यांच्या होडीत जागा मिळायला हवी. मला मिळाली. मीटरच्या खुणा केलेली नळी हळूहळू खाली सोडायची, हातपंपाने पाणी ओढायचं, नळीतलं जुनं पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि मगच बाटली भरायची. काम कंटाळवाणं आहे. घाई केली तर नमुना वाया. बराच वेळ बाटल्यांत नुसतं स्वच्छ पाणी. विसाव्या मीटरच्या आसपास सडक्या अंड्यांचा भपकारा आला आणि पुढची बाटली चक्क गुलाबी!

लोणारचं पाणी 2020 साली गुलाबी झालं होतं, पण ते जीव वेगळे, मिठाला सरावलेले. इथले आहेत जांभळे गंधक-जीवाणू. त्यांना उजेड लागतो आणि हायड्रोजन सल्फाइडही. प्राणवायू मात्र सोसत नाही. वरून झिरपणारा शेवटचा उजेड आणि खालून येणारा विषारी वायू जिथे भेटतात, त्या पातळ पट्ट्यातच त्यांचा संसार. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे काही समुद्र असेच असावेत असं मानतात, म्हणून भूशास्त्रज्ञ इथे खेटे घालतात.

वरच्या थरात वेगळाच उद्योग चालू असतो. उन्हाळ्यात सूक्ष्म सायनोबॅक्टेरिया पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि चुना कणाकणाने बाहेर पडतो. तळं काही काळ दुधाळ होतं. डेड मॅन्स पॉइंटला तर या चुन्याचा खडबडीत, भोकाभोकांचा कठडाच पाण्यात पुढे आला आहे. बोअरच्या पाण्याने बादलीवर धरणारा पांढरा थर हजारो वर्षं खरवडलाच नाही, तर असा वाढेल. त्यावर चढायला मनाई आहे, तरी एक तरुण सेल्फीसाठी चढलाच.

बाकीचा चुना तळाशी बसतो. उन्हाळ्याचा थर फिकट, हिवाळ्याचा गडद. प्राणवायू नसल्याने तिथे चिखल उकरणारे किडे नाहीत, त्यामुळे थर विस्कटत नाहीत आणि झाडाच्या कड्यांसारखी त्यांवरून वर्षं मोजता येतात.