सेमिनरी, ख्रिस्ती

ख्रिस्ती धर्मसेवेच्या उमेदवारांना ईश्वरविद्येचे पद्धतशीर शिक्षण व त्याबरोबरच आध्यात्मिक वळण देणारी, बहुधा निवासी स्वरूपाची शिक्षणसंस्था. ‘सेमिनरी’ ही संज्ञा ‘रोपवाटिका’ या अर्थाच्या ‘सेमिनारिउम’ या लॅटिन शब्दावरून आली आहे. सोळाव्या शतकापर्यंत यूरोपातील धर्मगुरूंचे शिक्षण मठ, कॅथीड्रलला जोडलेल्या शाळा व विद्यापीठे यांतून होत असे. खेड्यातील सामान्य धर्मगुरूला मात्र त्याचा लाभ क्वचितच मिळे. ही उणीव दूर करण्यासाठी ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी प्रत्येक धर्मप्रांतात अशी संस्था असावी, असे ठरविले. प्रॉटेस्टंट पंथांत बायबलच्या प्रवचनाला मध्यवर्ती स्थान असल्यामुळे मूळ भाषांतून बायबलचे अध्ययन हा धर्मोपदेशकाच्या शिक्षणाचा पाया मानला गेला. अमेरिकेत मॅसॅचूसेट्स राज्यातील अँडोव्हर येथे १८०७ मध्ये सेमिनरी निघाली. तेथील विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनसंस्था स्थापन झाली व तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस येऊन पोहोचले. अमेरिकन मराठी मिशनचा उगम तो हाच.

सेमिनरीचे कार्य दुहेरी असते. ती एका बाजूने धर्मसेवक घडविते, तर दुसऱ्या बाजूने धर्मग्रंथ व सिद्धान्त यांची चिकित्सा करते. ही दोन कार्ये परस्परांना पोषक ठरावीत अशी अपेक्षा असली, तरी त्यांत ताणही असतो. महाराष्ट्रासारख्या प्रदेशात या ताणाला भाषेच्या प्रश्नाची जोड मिळाली आहे. कारण ज्या भाषेत विद्या संपादन करावयाची आणि ज्या भाषेत ती लोकांपर्यंत न्यावयाची, त्या बहुधा भिन्न राहिल्या आहेत.

अभ्यासक्रम : कॅथलिक पंथाच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्मगुरुपदाच्या उमेदवाराने किमान सहा वर्षे अध्ययन केले पाहिजे, त्यांपैकी किमान दोन वर्षे तत्त्वज्ञानाला व चार वर्षे ईश्वरविद्येला द्यावयाची असतात. भारतातील अनेक प्रॉटेस्टंट सेमिनरी श्रीरामपूर (सेरामपूर, प. बंगाल) येथील सिनेटशी संलग्न आहेत. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेल्या श्रीरामपूरच्या महाविद्यालयाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळाली. पुढे १९१८ च्या कायद्याने सिनेटची व्यवस्था सिद्ध झाली. जुना व नवा करार, हिब्रू व ग्रीक भाषा, सिद्धान्तशास्त्र, ख्रिस्तमंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, भारतीय धर्म व समाज, प्रवचनशास्त्र आणि पालकीय मार्गदर्शन हे अभ्यासाचे प्रमुख विषय होत.

धर्मग्रंथाच्या चिकित्सेचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत पुष्कळ मजकूर समान आहे. मार्कच्या बहुतेक भागाचे प्रतिरूप मत्तयात आढळते; शब्दयोजनाही अनेक ठिकाणी जुळते. यावरून मार्कचे शुभवर्तमान आधीचे असून इतर दोघांनी त्याचा आधार घेतला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. हस्तलिखितांतील पाठभेदांची तुलना करून मूळ पाठ निश्चित करण्याचे कामही विद्यार्थ्याला समजून घ्यावे लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती ज्या पाठचिकित्सेच्या पद्धतीने सिद्ध झाली, तिच्याशी या कामाचे जवळचे नाते आहे. ज्या ग्रंथाला आपण ईश्वरी वचन मानतो, त्याचीच मानवी लेखन म्हणून तपासणी करावयाची, हा अनुभव अनेक विद्यार्थ्यांना प्रारंभी अस्वस्थ करणारा ठरतो. त्या अस्वस्थतेतून समंजस श्रद्धेकडे नेणे, हे अध्यापकाचे अवघड काम असते.

दिनक्रम : दिवसाचा आरंभ सामुदायिक प्रार्थनेने होतो. त्यानंतर व्याख्याने, ग्रंथालयातील वाचन, खेळ किंवा श्रमकार्य, सायंप्रार्थना व पुन्हा अध्ययन असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रवचनशास्त्राच्या तासाला विद्यार्थी वर्गापुढे प्रवचन करतो व सहाध्यायी आणि अध्यापक त्यातील गुणदोष दाखवितात. आठवड्याच्या अखेरीस विद्यार्थी आसपासच्या मंडळ्या, रुग्णालये वा वस्त्या यांतून काम करतात. वर्षातून काही दिवस मौनपूर्वक एकांतसाधनेसाठी राखून ठेवण्याची प्रथा कॅथलिक सेमिनरींत आहे. उच्च पदव्यांसाठी प्रबंध लिहावा लागतो.

गोव्यातील परंपरा : भारतातील या शिक्षणाचा प्रारंभ गोव्यात झाला. जुन्या गोव्यात १५४१ मध्ये आशियाई तरुणांसाठी ‘सांता फे’ ही सेमिनरी स्थापन झाली. पुढे ती जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात विलीन झाली व तेथेच १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. सासष्टी भागातील राशोल (रायतूर) येथील जेझुइट महाविद्यालय हे दुसरे महत्त्वाचे केंद्र. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी पुराणाचा घाट, ओवी छंद व संतवाङ्मयाला जवळची शब्दकळा स्वीकारून रचलेला हा ग्रंथ म्हणजे ईश्वरविद्या श्रोत्यांच्या भाषेत उतरविण्याचा पहिला मोठा प्रयत्न होय. त्याची तत्कालीन छापील प्रत आज उपलब्ध नाही. मात्र एक देवनागरी हस्तलिखित लंडनमधील मार्सडेन संग्रहात आढळले.

ही परंपरा पुढे खंडित झाली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली. त्यानंतर राशोलचे महाविद्यालय धर्मप्रांताची सेमिनरी झाले व ते कार्य तेथे आजही चालू आहे. परंतु ख्रिस्तपुराणाच्या तोलाचे मराठी काव्य तेथून पुन्हा निर्माण झाले नाही.

अहमदनगरची सेमिनरी : एकोणिसाव्या शतकात मराठी ईश्वरविद्येचे केंद्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे झाले. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये येथेच सुरू झाले. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या येथील सेमिनरीशी रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) यांचे नाव निगडित आहे. मुंबईत जन्मलेले ह्यूम रजेवर अमेरिकेस गेले असता, १८८६ च्या सुमारास, ख्रिस्ताचा संदेश कानी न पडताच मृत्यू पावलेल्यांना मरणोत्तर तारणाची संधी मिळू शकेल काय, या वादात सापडले. अशा संधीची शक्यता नाकारण्यास ते तयार नव्हते. या मतामुळे अमेरिकन बोर्डाने त्यांना भारतात परत पाठविणे काही काळ रोखून धरले. अखेर ते परतले. बॉस्टनमध्ये हा वाद तात्त्विक असला, तरी नगर जिल्ह्यातील नवख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने तो त्याच्या मृत आईवडिलांसंबंधीचा प्रश्न होता. विद्वत्तेला मंडळीच्या जीवनातून प्रश्न कसे मिळतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच सेमिनरीत कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अध्यापन केले. १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांना उपासनेत स्थान मिळवून दिले. संतांच्या भक्तिपरंपरेतून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे (१९३४–३६) या आत्मचरित्रात नगरच्या मिशन-वस्तीतील जीवनाचे जिवंत चित्रण आढळते. या सेमिनरीची परंपरा पुढे पुण्याच्या ‘युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी’ने चालविली.

पुण्यातील केंद्रे : तेराव्या लिओ पोपने १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन केलेली ‘पेपल सेमिनरी’ १९५५ मध्ये पुण्यास आली. भारताचे तारणकार्य भारतपुत्रांच्या हातून व्हावे, हा तिच्या स्थापनेमागील हेतू होता. तिच्याशी संबंधित विद्यापीठाला १९७२ मध्ये ‘ज्ञानदीप विद्यापीठ’ हे नाव मिळाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) अन्य धर्मांशी संवादाचे धोरण स्वीकारल्यानंतर येथील विद्वत्तेला नवी दिशा लाभली. येथील बेल्जियन जेझुइट रिचर्ड डी स्मेट (१९१६–९७) यांनी शांकर वेदान्ताचा सखोल अभ्यास केला. नव्या कराराचे अभ्यासक जॉर्ज सोरेस-प्रभू (१९२९–९५) यांनी यूरोपीय चिकित्सापद्धतीवर प्रभुत्व मिळवूनही, दारिद्र्य व जातिव्यवस्था यांच्या संदर्भात बायबल वाचले पाहिजे, असा आग्रह धरला. बहिष्कृतांसोबत येशूने केलेल्या भोजनाचा दलित ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने अर्थ काय, याचा त्यांनी केलेला विचार पंक्तिभेद अनुभवलेल्या समाजाला सहज समजणारा आहे. १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झालेली ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ १९८३ मध्ये पुण्यातील बिबवेवाडी येथे स्थलांतरित झाली. नासिक येथे सेलेशियन संघाची ‘दिव्यदान’ ही तत्त्वज्ञानाची संस्था असून मुंबई धर्मप्रांताची सेमिनरी गोरेगाव येथे आहे.

स्त्रिया व ईश्वरविद्या : दीर्घकाळ सेमिनरीचे दार स्त्रियांना बंद होते. तथापि पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगावच्या मुक्तिसदनात राहून हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात केल्या आणि संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. जुळणीपासून छपाईपर्यंतची कामे मुक्तिसदनातील स्त्रियांनी केली. रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रीला वाचता यावे, ही त्यामागील दृष्टी होती. आज प्रॉटेस्टंट सेमिनरींतून स्त्रिया पदव्या घेतात व चर्च ऑफ नॉर्थ इंडिया त्यांना धर्मदीक्षाही देते. कॅथलिक पंथात धर्मगुरुपद पुरुषांपुरतेच मर्यादित असले, तरी धर्मभगिनी ईश्वरविद्येचे उच्च शिक्षण घेतात.

भाषेचा प्रश्न : मोठ्या सेमिनरींत देशभरातून विद्यार्थी येत असल्यामुळे उच्च अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून चालते, आधारग्रंथही बहुतांशी इंग्रजीत असतात. विद्यार्थ्याला मात्र पुढे मराठी बोलणाऱ्या मंडळीत काम करावयाचे असते. मराठवाड्यात ही बाब विशेष जाणवते. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली; १९७७ मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला. तथापि येथील उमेदवारांना उच्च ईश्वरविद्येसाठी पुण्यासारख्या दूरच्या केंद्राकडे जावे लागते. तेथे शिकलेल्या संकल्पना लातूर–नांदेडकडील शेतकरी व शेतमजूर कुटुंबांच्या बोलीत सांगताना धर्मसेवकाला स्वतःच भाषांतरकार व्हावे लागते. ‘तारण’, ‘कृपा’, ‘करार’ यांसारख्या शब्दांना मराठीत आधीच अर्थवलये आहेत. करार म्हटला की शेतकऱ्याला सालाचा वा जमिनीचा व्यवहार आठवतो. हे शब्द टाळून चालत नाही आणि जसेच्या तसे वापरूनही भागत नाही.

या दिशेने काही प्रयत्न झाले आहेत. नेल्सन फल्काव यांनी ख्रिस्तपुराणाचे आधुनिक मराठी रूपांतर सिद्ध केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका धर्मगुरूला मराठवाड्याच्या भूमीवर मिळालेला हा मान लक्षणीय होय. मात्र असे ग्रंथ मुख्यतः व्यक्तींच्या परिश्रमांतून निर्माण झाले आहेत. मूळ भाषांपासून गावातील बोलीपर्यंतचे अंतर कापण्याचे हे कार्य सेमिनरीच्या नित्य अध्ययनाचा भाग होणे, यावर मराठी ईश्वरविद्येचा पुढील विकास अवलंबून आहे.