तान्हुल्याचे मोटारीतील आसन

आपल्या व्यापारी कुटुंबांत मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पेढी, गोदाम, वसुली, लग्नकार्य या सगळ्यांसाठी तीच एक गाडी धावत असते. तिच्या विम्याची तारीख आपण चुकवत नाही, टायर वेळेवर बदलतो. घरात बाळ आले की मात्र त्या गाडीतील त्याची जागा न विचारताच ठरलेली असते : आजीची मांडी. मायेच्या दृष्टीने त्याहून सुरक्षित जागा नाही; गतीचा हिशेब वेगळा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी समोर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने पुढे फेकली जाते. सात किलोचे बाळ त्या क्षणी हाताला १४० किलोचे लागते. ते धरून ठेवील असा हात नाही, मग तो आजीचा असो वा पहिलवानाचा.

कायद्यानेही हे मान्य केले आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा अथवा बालआसन न लावता गाडी चालविल्यास १,००० रुपये दंड आहे. दंडाची रक्कम लहान आहे, म्हणून विषय लहान ठरत नाही.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न समोर येतो तो प्रकाराचा. एक असते केवळ तान्ह्या बाळाची सीट. टोपलीसारखी खोल, वर धरायला दांडी असलेली, बाळासकट उचलून घरात नेता येणारी. ती साधारणपणे १३ किलोपर्यंत चालते. प्रत्यक्षात मात्र वजनाआधी बाळाची उंचीच तिला अपुरी ठरविते आणि वर्ष-सव्वा वर्षात ती अडगळीत जाते. दुसरी कन्व्हर्टिबल सीट. ती गाडीतच बसवून ठेवायची. आरंभी बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, मोठे झाल्यावर तीच सीट फिरवून पुढे. बहुतेक सीट १८ किलोपर्यंत, म्हणजे चारेक वर्षांपर्यंत पुरतात.

व्यापाऱ्याचे मन इथे लगेच भागाकार करते. एक सीट बारा महिने, दुसरी अठ्ठेचाळीस; मग पहिली घ्यावीच कशाला? हा हिशेब चूक नाही, अपुरा आहे. कारण दोन्ही सीटचे खरे काम पहिल्या दोन वर्षांत एकच असते : बाळाला उलट्या तोंडाने बसविणे. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा डोक्याचा असतो आणि मानेचे मणके अजून पुरते हाड झालेले नसतात. समोरच्या धडकेत पुढे तोंड केलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी अडते, पण जड डोके पुढे झेपावते. तोंड मागे असेल तर तोच धक्का पाठ, मान आणि डोके यांवर एकसारखा पसरून सीटच्या पाठीत जिरतो. स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६४ साली असे आसन प्रथम तयार केले, ते जेमिनी यानातील अंतराळवीरांची बैठक पाहून. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आधी दोन वर्षांची मर्यादा सांगितली होती. २०१८ साली तीही काढून, सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत बाळ उलटेच बसवावे, असे सांगितले. आपल्याकडे मात्र बाळ सहा महिन्यांचे होऊन मान धरू लागले की ‘त्याला पुढचे दिसू दे’ म्हणून सीट फिरविली जाते. चार वर्षांच्या भावाने घेतलेल्या सीटची निम्मी किंमत तिथेच बुडाली, असे समजावे.

तेव्हा निवड करताना पाहायचे ते हे, की आपल्या घरात कोणती सीट प्रत्येक वेळी आणि नीट वापरली जाईल. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. रुग्णालयातून घरी येताना आजोबांची गाडी, पुढे दोन-तीन महिन्यांनी सासरी जाताना दुसरी, आणि मधल्या लसीकरणाच्या फेऱ्यांना मामाची. टोपलीची सीट हलकी असते, गाडीच्या नेहमीच्या तिरक्या पट्ट्याने बांधता येते, म्हणून ती बाळाबरोबर या सगळ्या गाड्यांतून फिरते. कन्व्हर्टिबल सीट जड. एकीतून काढून दुसरीत बसविताना माणूस वैतागतो आणि ‘आज जवळच तर जायचे आहे’ म्हणत बाळ पुन्हा मांडीवर येते.

बाळ कमी वजनाचे किंवा दिवसांआधी जन्मलेले असेल, तर माझे मत निःसंशय टोपलीच्या बाजूने आहे. उलट तोंडाच्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून यायला हवेत. अनेक कन्व्हर्टिबल सीटची सर्वांत खालची खाचही दोन-सव्वादोन किलोच्या बाळाच्या कानाजवळ येते. मग पट्टा असूनही बाळ सैलच.

याउलट बाळ भरल्या वजनाचे असेल, घरात एकच गाडी असेल आणि बाळ दोन-तीन महिन्यांनंतरच नियमित फिरणार असेल, तर कन्व्हर्टिबल एकदाच घ्यावी. अट एकच : ती आपल्या गाडीत मागे तोंड करून बसते का, हे आधी पाहावे. लहान गाडीत ती इतकी जागा खाते की पुढची सीट डॅशबोर्डाला भिडते. काही गाड्यांत मागचा पट्टा तिला वळसा घालण्यास पुरत नाही. आयसोफिक्सच्या कड्या असल्या तर काम सोपे होते. दुकानदाराला गाडीपर्यंत बोलवावे आणि बसवून दाखव म्हणावे. बसविलेली सीट पट्ट्याच्या जागी धरून हलविली असता इंचभराहून अधिक सरकता कामा नये. आपण धान्याचे पोते फोडून पाहिल्याशिवाय घेत नाही. इथे तर खोक्यावरचे चित्र पाहून व्यवहार होतो.

टोपलीच्या सीटचा एक धोका तिच्या सोयीतच आहे. बाळ झोपले म्हणून तसेच उचलून घरात नेतात आणि तासन्‌तास त्यातच ठेवतात. तान्ह्याची हनुवटी छातीवर टेकली तर श्वासाची वाट अरुंद होते. घरी पोहोचताच बाळ सपाट अंथरुणावर काढावे. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी, आणि अगदी नवजात असेल तर त्याहून लवकर, थांबून बाहेर घ्यावे.

बाकी नियम दोन्ही सीटना सारखे. पुढच्या आसनासमोर एअरबॅग चालू असेल तर तिथे उलट तोंडाची सीट कदापि ठेवू नये. फुगणारी पिशवी सरळ बाळाच्या डोक्यामागे आदळते. दुपट्यात गुंडाळलेले बाळ सीटमध्ये बांधता येत नाही, कारण एक पट्टा दोन पायांमधून यावा लागतो. आधी बाळ बांधावे, मग वरून दुपटे घालावे. नात्यात फिरत आलेली सीट असेल तर ती अपघातात सापडली होती का आणि तळाशी छापलेली मुदत संपली का, हे विचारताना संकोच बाळगू नये.

राहिला प्रश्न खरेदीच्या वेळेचा. जन्माआधी बाळासाठी काही आणू नये, असा संकेत अनेक घरांत आहे आणि वडीलधाऱ्यांचे मन मोडण्याचे कारण नाही. पण बाळाचा पहिला प्रवास रुग्णालयापासून घरापर्यंतचाच असतो आणि त्या दिवशी दुकाने धुंडाळायला कुणालाही सवड नसते. सातव्या-आठव्या महिन्यात सीट गाडीत बसवून पाहावी, भाव ठरवावा, इसार द्यावा आणि माल दुकानातच राहू द्यावा. बाळ जन्मल्याचा फोन आला की काका किंवा मामाने ती घेऊन थेट रुग्णालयात यावे.