पाचशे वऱ्हाडींचा गारवा

तुळशीची लग्नं लागली की मंगल कार्यालयांचा हंगाम सुरू होतो. त्याआधीच्या चातुर्मासात मुहूर्त फारसे नसतात, म्हणून मालक मंडळी रंग, फरशी, स्वच्छतागृहं अशी सगळी कामं तेव्हाच उरकून घेतात. हल्ली त्या यादीत एसी असतोच. पाटीवर 'वातानुकूलित' लिहिलेलं नसेल तर वधूपक्ष हॉल बघायलाही येत नाही, अशी मालकांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. मग कंत्राटदाराला बोलावणं जातं. पहिला प्रश्न ठरलेला: "किती टन लागेल?" कंत्राटदार टेप लावतो. कोणी दर टनाला शंभर चौरस फूट धरतो, कोणी दीडशे. ८० बाय ६० फुटांच्या हॉलला या हिशेबाने ३२ टनही निघतात आणि ४८ टनही. एवढ्या फरकात कोणताही आकडा बसतो, आणि बहुधा बसतो तो मालकाच्या खिशाला परवडणारा.

यातला टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खेचून बाहेर टाकण्याची ही क्षमता आहे. आजच्या मापात ती सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. तेव्हा खरं विचारायचं ते हे की हॉलमध्ये उष्णता येते कुठून, कधी आणि किती. जमिनीच्या चौरस फुटांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं.

पाहुण्यांपासून सुरुवात करू. नुसता बसलेला माणूस सुमारे १२० वॅट उष्णता सोडतो. पाचशे माणसांचे ६० किलोवॅट झाले, म्हणजे जवळपास १७ टन. अजून छप्पर, भिंती, दिवे यांच्याकडे आपण वळलेलोही नाही. या उष्णतेचा निम्म्याच्या आसपासचा भाग घाम आणि श्वास यांच्या वाफेतून बाहेर पडतो. प्रत्येक जण तासाला ७०-८० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाचशे जणांचं मिळून ते ३५ ते ४० लिटर होतं.

हे पाणी काढणं हे एसीचं अर्धं काम आहे, किंबहुना मूळ काम तेच. १९०२ साली विलिस कॅरियर या पंचविशीतल्या अमेरिकी इंजिनिअरने पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. तिथला कागद दमट हवेत फुगायचा, हवा कोरडी झाली की आक्रसायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. माणसांना गार वाटावं हा तिथे हेतूच नव्हता. (दिवाळी अंकाच्या रंगीत मुखपृष्ठाची काळजी वाहिलेल्या कुणालाही हे पटेल.)

आता ताजी हवा. पाचशे माणसं कोंडायची तर बाहेरची हवा आत घ्यावीच लागते. सभागृहांसाठीच्या प्रचलित मानकाने या हॉलला ती मिनिटाला साधारण २,८०० घनफूट हवी. बहुतेक कार्यालयांत तिची सोयच नसते. मग जेवणानंतर निम्मं वऱ्हाड पेंगतं आणि त्याचं खापर श्रीखंडावर फुटतं. पण सोय केली तर तिची किंमत गावागणिक बदलते. मुंबईत उन्हाळ्यात पारा ३५ अंशांवर असतो, पण हवा पाण्याने जड झालेली. ओल्या फडक्याच्या तापमापीवर, म्हणजे वेट बल्बवर, सुमारे २८ अंश दिसतात. नागपुरात मे महिन्यात ४३ अंश, पण वेट बल्ब २४च्या आसपास. आतली हवा २४ अंशांवर, बेताच्या आर्द्रतेत ठेवायची असेल तर एवढ्याच बाहेरच्या हवेसाठी मुंबईत सुमारे १७ टन लागतात आणि नागपुरात जेमतेम दहा. आठ अंशांनी जास्त तापलेल्या गावाला कमी टन! मुंबईच्या हवेतून तासाला साठेक लिटर पाणी पिळून काढावं लागतं, नागपुरात पिळायला फारसं नसतंच. अर्थात नागपूर हा फायदा सगळा पदरात पाडून घेऊ शकत नाही. मशिनवर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. ४५ अंशांच्या गच्चीवर तेच मशीन कमी गार करतं आणि जास्त वीज ओढतं.

विदर्भातल्या मालकांनी, माझ्या मते, एसीआधी डक्ट लावलेल्या मोठ्या कूलरचा विचार करावा. ४३ अंशांची कोरडी हवा ओल्या पॅडमधून चांगली खेळवली तर ती २७ अंशांपर्यंत उतरते, सगळी ताजी असते आणि विजेचा खर्च एसीच्या मानाने किरकोळ. पाऊस लागला की कूलर निकामी होतो हे खरं, पण तोवर लग्नंही संपलेली असतात. मुंबईत हा प्रयोग करू नये. तिथे हाच कूलर २९ अंशांची ओलीचिंब हवा देईल.

मुंबईच्या हॉलची बेरीज पुरी करू. माणसं १७, ताजी हवा १७, आणि तापलेला स्लॅब, भिंती, दिवे, व्हिडिओवाल्यांचे लाइट मिळून आठ-दहा. म्हणजे ४४ टनांच्या आसपास. टेपवाल्याने ४८ सांगितले असतील तर तो फार चुकला असं म्हणता येणार नाही. चूक पुढे होते, कारण त्याच्या आकड्यात त्या टनांची वाटणी कशी करायची हे कुठेच नसतं. ४४ टन लागतात ते अक्षता पडताना. जुलैमध्ये साखरपुड्याला पन्नासच माणसं असतील तर दहा टनही पुरतात. तेव्हा २२ टनांची दोन मोठी मशीन बसवलेली असली तर एकटं मशीन काही मिनिटांत हॉल २४ अंशांवर आणतं, कॉम्प्रेसर बंद पडतो, पंखा फिरत राहतो आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा हवेत जातं. हॉल गार, पण चिकट. लोक रिमोट मागतात, पारा अठरावर नेतात, तरी बरं वाटत नाही. अकरा टनांची चार डक्टेबल मशीन घेतली तर साखरपुड्याला एकच चालवता येतं, आणि ऐन मुहूर्तावर एक बंद पडलं तरी तीन उरतात. चौघांना एकाच क्षणी सुरू मात्र करू नये. साध्या स्टार्टरवर मोटर सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट खेचते, आणि जनरेटर तिथेच मान टाकतो.

सिनेमागृहाला या कटकटी नसतात. कुलाब्याचं रीगल १९३३ साली उघडलं ते वातानुकूलितच. तिथे खुर्च्या मोजलेल्या, दारं बंद, प्रेक्षक जागच्या जागी. लग्नात दारं सताड उघडी, पोरं पळताहेत आणि मधोमध होम पेटलेला.

यापुढची भांडणं फॉल्स सीलिंगच्या वर होतात. एका टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा फिरवावी लागते. अकरा टनांना ४,४००. ती फारसा आवाज न करता न्यायची तर ३० बाय १८ इंचांचा डक्ट हवा, वर इन्सुलेशन, हँगर आणि स्लॅबच्या बीमची खोली. इंटिरियरवाल्याला सीलिंग उंच हवं असतं, म्हणून तो १८चे १० करायला लावतो. तेवढीच हवा अरुंद वाटेने जोरात धावते आणि मंगलाष्टकं ऐकू येईनाशी होतात. हे भांडण कागदावर मिटवावं, पत्रा कापल्यावर नाही.

हवा मशिनकडे परत यायची वाटही नकाशावर असते, पण डेकोरेटर स्टेजमागचा पडदा नेमका रिटर्न ग्रिलवर ताणतो. ग्रिल स्टेजपासून दूर, उंचावर घ्यावं. होमाच्या जागेवर थेट झोत येऊ नये आणि तिथला धूर काढायला वेगळा एक्झॉस्ट असावा, नाहीतर लाजाहोमाच्या वेळी फायर अलार्म वाजून सगळी यंत्रणा बंद पडते. भटारखान्यालाही स्वतःची बाहेरची हवा द्यावी. ती नसेल तर तिथला एक्झॉस्ट हॉलमधली गार हवा ओढून घेतो आणि मालक पैसे मोजून आचाऱ्यांची फोडणी गार करतो.

शेवटी ते पाणी. वाफेचे ४० आणि ताज्या हवेचे ६० असे तासाला शंभरेक लिटर ड्रेनच्या पाइपातून वाहणार. पाइपाला शंभर फुटांमागे किमान एक फूट उतार आणि मशिनपाशी ट्रॅप हवा. ही कामं कोणी बघत नाही. नवरीच्या आईच्या पैठणीवर पाणी ठिबकलं की मग बघतात.

चातुर्मासात बसवलेली यंत्रणा तपासली जाते ती रिकाम्या हॉलमध्ये, पावसाळी हवेत. तिथे कुठलंही मशीन उत्तम चालतं. मोठा हप्ता वैशाखातल्या एखाद्या भरगच्च लग्नापर्यंत राखून ठेवायची अट करारात घालावी.

आणि 'गॅस भरणं'. मशिनमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही; तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुधा तांब्याच्या नळीच्या जोडावर. जोड मारताना आतून नायट्रोजन सोडला नाही तर नळीत काजळी धरते. नंतर दाबाची चाचणी आणि पुरेसा वेळ व्हॅक्युम केला नाही तर आत हवा आणि ओल राहते. घाईत असलेला मेकॅनिक ही दोन्ही कामं गाळतो. हल्लीच्या अनेक मशिनांत येणारा आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे. म्हणून गळती न शोधता वरून गॅस भरून देणाऱ्याला पुन्हा बोलावू नये, मग तो कितीही स्वस्तात येवो.