मराठे-निजाम सलोखा व चौथाईचा हिशोब : जालना प्रांताच्या अनुरोधानें

दोन तुल्यबल सत्तांमधील सलोखा तहनाम्यानें होतो, परंतु तो टिकतो कशानें, हें तहनाम्यावरून सहसा कळत नाहीं. मराठे व निजाम यांच्या संबंधांचा विचार केल्यास तो हिशोबावर टिकला व हिशोबावरच मोडला, असें आमचें मत आहे. जालना प्रांत या दृष्टीनें विशेष महत्त्वाचा होय. हल्लींचा जालना जिल्हा १९८१ सालीं औरंगाबादेपासून निराळा झाला. त्याच्या दक्षिणेस गोदावरी असून पलीकडे राक्षसभुवन आहे. उत्तरेस केळणेच्या कांठीं असई आहे. या प्रकरणाचा आरंभ व शेवट या दोहोंशीं जालन्याचा संबंध येतो.

१७१९ च्या सनदांनीं दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी शाहू महाराजांस मिळाली. पुढें कोल्हापुरकर संभाजी महाराजांनींही हक्क सांगितला, तेव्हां निजामउल्मुल्कानें ‘खरा धनी कोण तें ठरूं द्या’ या सबबीवर वसूल अडविला. म्हणून थोरले बाजीराव चालून गेले. ता. ५ नोव्हेंबर १७२७ रोजीं जालन्याच्या बाजूस ऐवजखानाशीं त्यांची चकमक झाली. पुढें खानदेश-गुजरातेकडे हुलकावणी देऊन त्यांनीं फेब्रुवारी १७२८ मध्यें पालखेडास निजामास कोंडलें. ता. ६ मार्च रोजीं मुंगी-शेवगांवीं तह झाला. त्यांत मुख्य भर शाहू महाराजांच्या हक्काची मान्यता, थकलेली बाकी व उठविलेल्या अंमलदारांची पुनःस्थापना यांवर होता. निजामाचे सुभे निजामाकडेच राहिले. पराभूतास उभें राहण्यास जागा ठेवल्यामुळेंच १७३२ च्या डिसेंबरांत रोहे-रामेश्वरीं उभयतांची समक्ष भेट होऊं शकली.

या व्यवस्थेमुळें एकाच गांवीं दोन सत्तांचे अंमल नांदूं लागले : एक मोगलाई, दुसरा मराठ्यांचा. संग्राहकांच्या हातीं येणाऱ्या कागदांतील शब्द यावरूनच उलगडतात. समजा, गांवचा आकार १,००० रुपये आहे. सरदेशमुखी शेंकडा दहाप्रमाणें १०० व चौथाई २५० रुपये झाली. चौथाईपैकीं चतुर्थांश, म्हणजे ६२॥ रुपये, राजाची बाबती. शेंकडा सहा, म्हणजे १५ रुपये, पंतसचिवांचा साहोत्रा. शेंकडा तीन, म्हणजे ७॥ रुपये, नाडगौंडा. आणि उरलेले १६५ रुपये सरदारांचा ऐन मोकासा. येणेंप्रमाणें बेरीज २५० होते. अर्थात् पेशव्यांच्या बाजूस अनेक हक्कदार, समोर निजामाचा जहागीरदार, आणि मूळ आकार ठरविणारे गांवचे पाटील-कुळकर्णी व परगण्याचे देशमुख-देशपांडे. शत्रुत्व असतांही या सर्वांस एका आंकड्यावर यावें लागे. हेंच त्या काळचें खरें सहकार्य होय.

युद्धें थांबलीं असें मात्र नाहीं. ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनास निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर पडले. तरी त्यानंतर उभय दरबारीं वकील राहिले. हैदराबादेस कृष्णराव काळे व त्यांचे पुत्र गोविंदराव यांनीं हें काम केलें. १७८४ सालीं यादगिरीस नाना फडणीस व निजाम अल्ली यांची भेट झाली, १७८६ सालीं बदामीवर उभय फौजा एकत्र गेल्या, आणि १७९० ते १७९२ पर्यंत इंग्रजांसह टिपूविरुद्ध त्या पुन्हा एका बाजूस लढल्या.

परंतु मागील बाकीचा आंकडा दोघांस मान्य होईना. १७२७ सालीं ‘कोणास द्यावें’ हा तंटा होता. आतां ‘किती द्यावें’ हा झाला. त्याचें पर्यवसान ता. ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईंत झालें. तेथें मराठ्यांस जय मिळाला, पण हिशोब मिटला नाहीं. १७९८ सालीं निजामानें इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८०२ च्या वसईच्या तहांत, निजामावरील दाव्यांचा निवाडा इंग्रजांनीं करावा, असें पेशव्यांनीं कबूल केलें. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईस शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला व डिसेंबरांत सुर्जी-अंजनगांवच्या तहानें जालनापुरचा किल्ला व परगणा त्यांनीं सोडला; पुढें तो निजामाकडे गेला. १८१७ सालीं तर परदरबारीं वकील ठेवण्याचा हक्कही पेशव्यांस सोडावा लागला. आपसांतील हिशोब जे स्वतः मिटवीत नाहींत, त्यांचा निवाडा तिसरा करितो व त्याची किंमतही तोच ठरवितो.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेंतही, तंटा पडल्यास उभय पक्षांनीं प्रथम वाटाघाट, चौकशी व मध्यस्थी यांचा अवलंब करावा, असें कलम आहे. आमच्या प्रांतांत या गोष्टींस वकील, ताळेबंद व याद अशीं नांवें होतीं.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतून केवळ शिक्क्याच्या सनदा उचलून हिशोबाचे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत. रुमाल फोडला कीं कोणती बाकी कोणत्या सालची, हें कळण्याचें साधनच नाहींसें होतें. सनद हक्क सांगते. तो हक्क शेजाऱ्यानें मानला कीं नाहीं, हें मात्र ताळेबंदच सांगतो.