पडद्यावरची धुळाक्षरे

तुमच्या घरी किंवा शेजारी असे एखादे मूल तुम्ही पाहिले असेल. वय साडेपाच-सहा. बोलायला चुणचुणीत, गोष्ट एकदा ऐकली की आठ दिवसांनी ती सांगताना आपण चुकलो तर आपल्यालाच दुरुस्त करील. पण काल ओळखलेला 'म' आज त्याला परका. 'चप्पल' म्हण म्हटले तर 'पच्चल' म्हणते आणि आपण हसतो. मग आजी सुनेला म्हणतात, "अगं, याचा बापही असाच होता. अडखळतच वाचायचा. येईल आपोआप."

आजीबाईंचे पहिले वाक्य अगदी शास्त्राला धरून आहे. घात होतो तो शेवटच्या वाक्याने. अक्षरांशी जन्मजात असणाऱ्या या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात आणि ती पुष्कळदा घराण्यात चालत येते. आईला किंवा वडिलांना ती असेल, तर अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या मुलांत ती उतरते. तेव्हा 'बापही असाच होता' हे स्वस्थ बसण्याचे कारण नव्हे. लवकर कामाला लागण्याचे ते कारण आहे.

1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धिमान, गणितात तरबेज, पण साधे शब्द वाचता येत नसत. त्याच्या मास्तरांचे मत असे की, सारे शिक्षण तोंडी असते तर शाळेत हाच पहिला आला असता! डॉक्टरांना वाटले, हे शब्दांचे आंधळेपण आहे. पुढे संशोधकांचे लक्ष डोळ्यांकडून ध्वनींकडे वळले. अशा बहुतेक मुलांची दृष्टी आणि श्रवण दोन्ही चांगली असतात. कठीण जाते ते बोललेल्या शब्दाचे तुकडे पाडणे आणि त्या तुकड्यांशी अक्षरांची जोडी जमवणे. बुद्धीशी याचा संबंध नाही.

म्हणून वाचनाची तयारी पाटीच्याही आधी कानाने करायची. मुलाला विचारा, "'सागर'मधला 'सा' काढला तर काय राहिले?" 'गर'. "'क', 'मा', 'न' जोडले तर?" 'कमान'. हा खेळ पोळ्या लाटतानासुद्धा खेळता येतो. तो जमू लागला की अक्षरे दाखवा, तीही थोडी थोडी, आणि ध्वनीसह. आपली देवनागरी याबाबतीत बरीच प्रामाणिक आहे, तरी तिच्याही खोड्या आहेत बरे का! 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' ही दिसायला जवळची. ती एकाच दिवशी शिकवू नयेत. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण कानाला मागाहून ऐकू येते. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतला 'च' लिहायला एक, बोलायला दोन. आपल्याला हे जाणवतही नाही. पण मूल नेमके तिथेच अडखळते.

आता प्रश्न येतो शिकवणाऱ्याचा. अशा मुलांना शिकवण्याचे खास शिक्षण घेतलेल्या बाई मोठ्या शहरांत तरी भेटतात. आडगावी कुठून मिळणार? 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा फोनच्या पडद्यावरून शिकवण्याची सवय घरोघर झाली. ती सोय या मुलांच्या कामी येते. मात्र पडदा काय करू शकतो आणि काय नाही, हे समजून घेतले पाहिजे.

फिनलंड देशात युवस्क्युला येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी, ज्यांच्या घरात ही अडचण आहे अशा मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. तिथेच 'ग्राफोगेम' नावाचा खेळ तयार झाला. मुलाने ध्वनी ऐकायचा आणि पडद्यावरचे नेमके अक्षर निवडायचे. खेळ पुष्कळ देशांत गेला. 2020 साली त्यावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की शब्द वाचण्यात सरासरीने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पण जिथे मोठे माणूस मुलाबरोबर मनापासून भाग घेते, तिथे फायदा होतो. नुसता फोन हाती देऊन आपण स्वयंपाकघरात गेलो, तर शिकवणी झाली असे समजू नये.

तेव्हा पडद्यावरचा धडा असा असावा. एका वेळी एकच मूल, फार तर दोन-तीन. रोज पंधरा-वीस मिनिटे. आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा हे बरे. वर्गात मुले एकसुरात म्हणतात तसे इथे करू नका, कारण आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो आणि साराच गलका होतो. आधी बाईंनी म्हणावे, मग मुलाने. फोनवरून 'स' आणि 'श', 'त' आणि 'थ' पुष्कळदा सारखेच ऐकू येतात. म्हणून बाईंचे ओठ स्पष्ट दिसावेत आणि शेजारी बसलेल्या आईने तोच ध्वनी पुन्हा उच्चारावा. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. मुलाने पाटी कॅमेऱ्यासमोर धरली की पुष्कळदा त्याला स्वतःच्या पडद्यावर आपलेच अक्षर आरशातल्यासारखे उलटे दिसते. बाईंना मात्र ते सुलटे दिसत असते. आधीच अक्षरांनी गोंधळलेल्या मुलाला हा नवा घोळ कशाला? आपली छबी झाकून ठेवण्याची सोय असते, ती वापरा.

आणि हात रिकामे ठेवू नका. पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. तुम्ही ताटात रवा पसरा. पडद्यावरून बाई 'म' म्हणतील, मुलाने तो म्हणत म्हणत रव्यात काढावा. डोळा, कान, जीभ आणि बोट यांना एकाच वेळी कामाला लावणारी पद्धत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी 1930 नंतरच्या काळात बांधली आणि तिचे धडे आजही दिले जातात.

पाच वर्षांच्या मुलावर कोणताही शिक्का मारू नये. आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. मूल शाळेत रुळल्यावरही अडचण राहिली तर तज्ज्ञांकडून चाचणी करून घ्यावी; मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 साली अशा चाचण्या मराठीतही उपलब्ध केल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीला स्थान मिळाले आहे. पण कागद हाती येईपर्यंत कानाचे खेळ थांबवायचे कारण नाही. ज्याला अडचण नाही त्याचेही त्यांनी काही बिघडत नाही. उशीर मात्र महागात पडतो. तिसरीत जाईपर्यंत मुलाने वर्गात शंभरदा हसे करून घेतलेले असते आणि 'मी ढ आहे' हे एवढे एकच वाक्य ते न अडखळता शिकलेले असते.

शेवटी आजींनी ज्यांची आठवण काढली, त्या वडिलांना एक विनंती. शिकवणीच्या वेळी एखादा दिवस तुम्ही मुलाजवळ बसा. बाईंच्या पाठोपाठ तुम्हीही ध्वनी म्हणा. चुकलात तरी चालेल. आणि धडा संपल्यावर त्याला सांगा, "मलाही असेच व्हायचे, बाळ." बाई कितीही चांगल्या असल्या तरी हे वाक्य त्या पडद्यावरून सांगू शकत नाहीत.