वणवा विझवायचा कोणी?

मंडळी, आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा इतिहास म्हटला की आपल्याला जर्मनी-अमेरिकेतली छोटी गावं आठवतात. भोर-वेल्ह्यातही असे लोक आहेत, फक्त त्यांना गणवेश नाही.

होळीच्या सुमारास तोरणा-राजगडाच्या उतारांवरचं गवत वाळलेलं असतं. एका ठिणगीनं वणवा पेटतो. कड्याखाली बंब चढत नाही. मग गावकरीच ओल्या फांद्या घेऊन निघतात, झोडपून आग विझवतात. पुढचं गवत काढून जाळरेषा करतात, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही.

आता कायदा बघा. ७४व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकेचं काम आहे. म्हणजे भोर शहराचं भागलं. पण पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत अग्निशमन नाही. उलट १९२७च्या वन कायद्याचं कलम ७९ म्हणतं, जंगलात ज्यांना चराई-सरपणाचे हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे; टाळलं तर शिक्षा.

मग यांना स्वयंसेवक म्हणायचं का? आम्ही आयुष्यभर कर्तव्य हा विषय शिकवला, म्हणून हा प्रश्न आम्हाला सोडत नाही. आम्हाला वाटतं, माणूस डोंगर चढतो तो कलमाच्या धाकानं नव्हे. खाली गोठा आहे, वर गुरांचा चारा आहे, म्हणून. पण ज्यांनी सक्ती लिहिली, त्यांनी बूट, हातमोजे आणि विमाही लिहायला हवा. कर्तव्य एकाच बाजूला राहिलं, की त्याची वेठ होते.